‘प्रोसेसर गेला’ म्हणण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात घाईनं दिला जाणारा निकाल म्हणजे ‘प्रोसेसर गेला.’ बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, रॅम बदलून पाहिली तरी काही नाही. मग संशय प्रोसेसरवर जातो आणि तिथंच विषय मिटतो. मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर बदलता येतो, पॉवर सप्लाय उघडता येतो. प्रोसेसर मात्र एकदा गेला की गेलाच, असा समज गिऱ्हाइकाचाही असतो आणि पुष्कळ कारागिरांचाही. हा समज अर्धाच खरा आहे. सिलिकॉनच्या आत झालेली इजा टेबलावर बसून कुणालाच भरून काढता येत नाही. पण प्रोसेसर म्हणून जी वस्तू हातात येते तिच्यात सिलिकॉन अगदी थोडं असतं. बाकीचा पसारा पिनांचा, तांब्याच्या थरांच्या पट्टीचा, टाक्याच्या गोळ्यांचा, चिमुकल्या कपॅसिटरांचा आणि वरच्या धातूच्या झाकणाचा. पडल्याझडल्याचा, ओढाताणीचा मार बसतो तो बहुधा या पसाऱ्याला, आणि त्यातला बराचसा दुरुस्त होतो.

अहेरीसारख्या गावी हा घाईचा निकाल फार महागात पडतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचं हे तालुक्याचं ठिकाण प्राणहितेच्या काठावर आहे, नदीपलीकडे तेलंगण. तालुक्यात रेल्वे नाही. जिल्ह्यात रूळ आहेत ते पार उत्तरेला, वडसा-देसाईगंजला. इथून चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर, नागपूर अडीचशेच्या पुढं. आणि संगणकावर अडलेली कामं शहराइतकीच आहेत: जातीचे दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, एमएस-सीआयटीचे वर्ग, आश्रमशाळांच्या नोंदी. सेवा केंद्रातलं एक यंत्र बसलं, तर पेरमिली, जिमलगट्टा किंवा कमलापूरहून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत जावं लागतं. त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते, एसटीचं भाडं दुसऱ्यांदा भरावं लागतं. पुण्या-मुंबईत नवा प्रोसेसर दुसऱ्या दिवशी दारात येतो, म्हणून तिथं जुन्याची चौकशी कुणी करत नाही. अहेरीत ती करायलाच हवी. पुढच्या पानांतली माहिती त्याच हेतूनं गोळा केली आहे.

प्रोसेसरची दुरुस्ती ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटानं बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव पंडित नेहरूंनी दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. या यंत्राचा प्रोसेसर म्हणजे कपाटांच्या रांगाच. व्हॉल्व्ह जळला की नेमका कोणता ते शोधायचं, तो उपटायचा, दुसरा बसवायचा. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे, हाताला लागे. पुढं अकराच वर्षांनी, १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली. तिच्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते, म्हणजे टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हांच्या जवळपास तितकेच. पण नखाएवढ्या तुकड्यावर. एक बिघडला तर तेवढाच बदलायची सोय त्या दिवशी संपली. आजच्या साध्या घरगुती प्रोसेसरात ट्रान्झिस्टरांची मोजदाद शेकडो कोटींत होते. ‘प्रोसेसर दुरुस्त होत नाही’ हे वाक्य इथून आलं, आणि आतल्या सिलिकॉनपुरतं ते बरोबरही आहे.

त्या सिलिकॉनच्या बाहेर मात्र कारागिराला बराच वाव आहे.

सुरुवात पिनांपासून करावी, कारण सगळ्यात जास्त प्रोसेसर वाचतात ते इथं. इंटेलनं २००४ मध्ये ७७५ स्पर्शबिंदूंचं सॉकेट आणून डेस्कटॉपच्या प्रोसेसरावरच्या पिना काढल्या आणि त्या मदरबोर्डवरच्या सॉकेटात नेल्या. एएमडीनं साध्या घरगुती प्रोसेसरांत ते २०२२ पर्यंत केलं नाही. त्यामुळं जुना ४७८ पिनांचा पेंटियम ४ असो किंवा १,३३१ पिनांचा रायझन, या प्रोसेसरांच्या पोटाला सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पिनांचं रान असतं. रायझनचा चौकोन ४० मिलिमीटर बाजूचा, आणि त्यात दोन पिनांमधलं अंतर एक मिलिमीटर.

या पिना वाकण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. धूळ झाडायला म्हणून कुणीतरी पंखा आणि हीटसिंक काढायला जातो. मधली थर्मल पेस्ट दोन-तीन उन्हाळ्यांत वाळून चिकटलेली असते. हीटसिंक सरळ वर ओढला की सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो, आणि हिसक्यात कडेच्या पिना आडव्या होतात. टाळायचा उपाय सोपा: यंत्र दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक आधी डावी-उजवीकडे हलका पिळावा आणि सुटल्यावरच उचलावा. हे एवढं दुकानातल्या पोराला शिकवलं, तरी तालुक्यातले कितीतरी प्रोसेसर पुढची दुरुस्ती न लागता जगतील.

वाकलीच, तर घाई करू नये. प्रोसेसर पिना वर करून सपाट जागी ठेवायचा, दिवा बाजूला खाली धरायचा आणि नजर पिनांच्या उंचीला आणून ओळीतून पाहायचं. दोरी धरून केलेल्या रोवणीत एखादं रोप ओळीबाहेर लागलं तर बांधावरून ते लगेच दिसतं, तशी चुकार पिन दिसते. चारही बाजूंनी असं पाहून घ्यायचं, कारण एका बाजूनं सरळ दिसणारी पिन दुसऱ्या बाजूनं कललेली असू शकते. सरळ करायला सगळ्यात उत्तम हत्यार पाच-दहा रुपयांचं आहे: ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलीचं शिसं काढून टाकलेलं धातूचं टोक. ते पिनेवर टोपीसारखं बसतं आणि पिनेला मुळापासून आधार देतं. चिमट्यानं वरचं टोक ओढलं, की पिनेला मध्ये दुसरा बाक येतो आणि काम दुप्पट होतं. पूर्ण ओळ थोडी कललेली असेल, तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड ओळींमधून सरकवत न्यावं. एका दमात सरळ करायचा हट्ट धरू नये; धातू एकदा वाकला की कडक होतो, मागंपुढं केला की तुटतो. थोडं वाकवा, पाहा, पुन्हा थोडं. शेवटी प्रोसेसर सॉकेटात आपल्या वजनानं बसला पाहिजे. बोटानं दाबावं लागत असेल, तर कुठली तरी पिन अजून चुकते आहे.

पिन तुटली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. प्रत्येक सॉकेटचा पिनांचा नकाशा असतो, आणि तो पाहिला की कळतं की पिनांचा मोठा वाटा फक्त वीजपुरवठ्याचा आणि ग्राउंडचा असतो. एकाच कामाला शेकडो पिना लावलेल्या असतात. त्यातली एखादी गेली तर प्रोसेसर बहुधा चालतो. मेमरीच्या वाटेवरची पिन गेली तर एका बाजूचे रॅमचे खाचे मुके होतात, पण दुसऱ्या बाजूवर यंत्र चालू शकतं. सेवा केंद्राच्या कामाला तेवढं पुरतं. जी पिन नसली तर चालणारच नाही, ती पुन्हा लावता येते. मेलेल्या प्रोसेसराची पिन काढायची, तुटलेल्या जागेवरचा पॅड स्वच्छ करायचा, फ्लक्स लावायचा, सूक्ष्मदर्शकाखाली कमी तापमानाच्या टाक्यानं ती उभी करायची. शेजारच्या पिना ढळू न देता हे करणं अवघड आहे, सराव मागतं. पण काम हातानंच करायचं आहे, त्याला कारखाना लागत नाही.

प्रोसेसराच्या पोटाशी किंवा पाठीवर डाळीच्या दाण्याहून लहान कपॅसिटर ओळीनं बसवलेले असतात. स्क्रू-ड्रायव्हर घसरला की त्यातला एखादा उडतो. त्यांचं काम वीज स्थिर ठेवण्याचं. एखादा कमी झाल्यानं यंत्र अडेलच असं नाही. तुटताना दोन पॅड एकमेकांना चिकटले नाहीत ना, एवढं मात्र भिंगातून पाहिल्याशिवाय वीज देऊ नये.

पिना सॉकेटात गेल्यानं इंटेलचे प्रोसेसर वाचले, पण संकट मदरबोर्डवर गेलं. त्या सॉकेटातले स्पर्श म्हणजे बारीक स्प्रिंगा. त्यावर प्रोसेसर तिरका पडला किंवा पुसायच्या कापडाचा धागा अडकला की त्या मुरडतात. सुईच्या टोकानं, भिंगाखाली, एकेक उचलून त्या जागेवर आणता येतात. पण इथं प्रोसेसर निर्दोष असतो आणि शिक्षा त्याला होते. खालचे सपाट पॅड काळे पडलेले दिसले, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पाहावं. पावसाळ्यात चार महिने हवेत ओल राहणाऱ्या या भागात नुसत्या पुसण्यानं चालू झालेलं यंत्र ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

लॅपटॉपचा प्रश्न अधिक बिकट. २०१५ नंतरच्या लॅपटॉपांत जवळजवळ सगळे प्रोसेसर बोर्डालाच डाखलेले असतात. खाली पिना नाहीत, टाक्याचे शेकडो गोळे, एकेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. मोटरसायकलवर पिशवीतून खड्ड्याखड्ड्यांनी आलेला लॅपटॉप, कोपऱ्यावर पडलेला लॅपटॉप, यांत एखाद-दुसऱ्या गोळ्याला तडा जातो. लक्षण असं, की कोपरा दाबला की चालतो आणि सोडला की बंद. उपाय म्हणजे रिबॉलिंग: चिप उतरवायची, जुना टाका साफ करायचा, जाळीतून नवे गोळे बसवायचे, चिप पुन्हा जागेवर बसवायची. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी बिनशिशाचा टाका धरला. तो वितळतो २१७ अंशांना. जुना शिसं-कथिलाचा १८३ ला. हा ३४ अंशांचा फरक कारागिराच्या दृष्टीनं फार मोठा आहे. बोर्ड खालून आधी सावकाश तापवला नाही आणि वरूनच हॉट एअर मारला, तर बोर्ड पापडतो, पॅड उखडतात, आणि मग खरोखरच काही उरत नाही.

अहेरीसाठी या कामातली एक पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच वगळली जाते. चिपचं आवरण हवेतली ओल शोषतं. ओल धरलेली चिप एकदम दोनशे अंशांवर नेली, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फाडून बाहेर येते. आतून फट् असा आवाज येतो, वरचा भाग फुगतो. म्हणून उद्योगाचा नियम असा, की चिप आधी भट्टीत वाळवायची: सुटी असेल तर १२५ अंशांना, जाडीनुसार काही तासांपासून पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त. प्लॅस्टिकचे जोड असलेला आख्खा बोर्ड असेल, तर बॅटऱ्या काढून, कमी तापमानावर, अधिक वेळ. मे महिन्यात जे काम सरळ पार पडलं, तेच जुलैत का फसलं याचं उत्तर पुष्कळदा इथं सापडतं. प्राणहितेला पूर आलेल्या दिवसांत रिबॉलिंगला बसणाऱ्यानं वाळवणीचा वेळ आधी धरावा आणि गिऱ्हाइकालाही तसं स्पष्ट सांगावं.

रिबॉलिंगच्या नावाखाली चालणारी एक फसगत मात्र इथंच नोंदवायला हवी. चिप नुसती तापवली की यंत्र चालू होतं, पैसे घेतले जातात, आणि काही आठवड्यांत तेच यंत्र परत येतं. याचं कारण २००७-०८ च्या दोन मोठ्या प्रकरणांतून जगाला कळलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावर तीन लाल दिवे लागून ते बंद पडू लागलं. २००७ मध्ये कंपनीला त्यासाठी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. पुढच्या वर्षी एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. लोक यंत्रं टॉवेलात गुंडाळून तापवत, बोर्ड ओव्हनमध्ये भाजत. दोष चिपखालच्या गोळ्यांत नव्हताच. सिलिकॉन आणि त्याची पट्टी यांमधल्या, चिपच्या आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडांत होता. गरमगार होऊन ते जोड तडकत होते. तापवल्यानं तडा तात्पुरता मिटे, पुन्हा उघडे. तिथं कितीही सुबक रिबॉलिंग केलं तरी उपयोग नाही, चिपच बदलावी लागते. प्रामाणिक कारागिरानं हे दोन तडे वेगळे ओळखायला शिकावं. या धंद्यातली पत यावरच टिकते.

मग सिलिकॉनच्या आत काहीच करता येत नाही का? कारखान्यात येतं. सोनीच्या २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरवर आठ साहाय्यक गाभे कोरलेले होते आणि वापरात सातच होते. एखादा सदोष निघाला तरी चिप टाकावी लागू नये म्हणून. एएमडीचे २००८ चे तीन गाभ्यांचे फिनॉम हे मुळात चार गाभ्यांचे, एक बंद केलेले. नव्या चिपच्या नमुन्यात चूक निघाली, तर प्रयोगशाळेत गॅलियमच्या आयनांचा झोत सोडून आतली तार कापता येते आणि दुसरीकडे धातू बसवून नवी जोडता येते. ही यंत्रं कोट्यवधींची, आणि ती एकेका नमुन्यासाठी चालवली जातात; सेवा केंद्रातल्या प्रोसेसरासाठी नाही.

चिपमधल्या जखमेला वळसा घालण्याचं सगळ्यात थक्क करणारं उदाहरण टेबलावर नाही, अवकाशात घडलं. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थहीन माहिती पाठवू लागलं. त्याच्या तीन संगणकांपैकी एकातली मेमरीची एक चिप निकामी झाली होती. त्या मेमरीचा जेमतेम तीन टक्के भाग. यान २,४०० कोटी किलोमीटरवर, निरोप पोचायलाच साडेबावीस तास. नासाच्या अभियंत्यांनी तिथला प्रोग्रॅम तुकडे करून मेमरीच्या शाबूत जागांत विखरून ठेवला, आणि २० एप्रिल २०२४ ला यानाची खुशाली पुन्हा कळली. जखम आहे तशीच आहे. ती नेमकी कुठं आहे हे त्यांनी शोधलं, म्हणून पुढचं जमलं.

निदानाचं हेच महत्त्व अहेरीच्या टेबलावरही आहे, कारण ‘गेलेले’ म्हणून काढलेले पुष्कळ प्रोसेसर मुळात गेलेले नसतात. बोर्डावरचा बारा व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोड लावायचा राहिला, तर पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासले नाहीत, तरी तेच. सगळ्यात फसवा मल्टिमीटर: प्रोसेसरच्या मुख्य वीजवाटेचा रोध चांगल्या स्थितीतही एक-दोन ओहमइतका कमी असू शकतो, त्यामुळं मीटर वाजतो आणि नवशिका ‘शॉर्ट’ म्हणून मोकळा होतो. प्रोसेसर काढून पुन्हा मोजावं, त्याच जातीचा चालता प्रोसेसर लावून पाहावा, आणि मगच निकाल द्यावा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा तर आणखी सावध राहावं. खोलीच पंचेचाळीस अंशांची झाली, की शंभर अंशांच्या मर्यादेपर्यंत उरलेलं अंतर पुण्याच्या थंड खोलीपेक्षा वीस अंशांनी कमी होतं. मग यंत्र स्वतःला वाचवायला मंदावतं किंवा बंद होतं. त्याला हवी असते ताजी पेस्ट आणि धूळ काढलेला पंखा.

या सगळ्याची गाठ भंगाराच्या धंद्याशीही पडते. प्रोसेसरातल्या सोन्यामुळं त्याला वजनावर भाव येतो. १९९५ चा पेंटियम प्रो तर सोन्यासाठीच शोधला जातो. हे सोनं काढायला उघड्यावर ॲसिड वापरलं जातं. ते पाण्यात आणि काढणाऱ्याच्या फुप्फुसांत उतरतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळही उघडलं. दोन्ही पावलं योग्य आहेत. पण पिनांचे नकाशे, बोर्डांचे आराखडे आणि सुटे भाग तालुक्याच्या कारागिराला सहज मिळाले, तरच हा हक्क अहेरीपर्यंत पोचला असं म्हणता येईल. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसलेल्या माणसाला जे समोरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी इथल्या माणसाला कुरिअरची वाट पाहावी लागते.

टेबल मांडायला फार लागत नाही. दहा ते वीस पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, तापमान धरून ठेवणारं सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर, खालून तापवणारी पाटी, चांगला फ्लक्स, अल्कोहोल, हाताला ग्राउंडची पट्टी, धूर बाहेर ओढणारा पंखा. शिशाचा टाका हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. रिबॉलिंगची भट्टी दुसऱ्या वर्षी आली तरी चालेल. पिनांचं आणि निदानाचं काम तिच्यावाचून अडत नाही. शिकणाऱ्यानं सराव मेलेल्या प्रोसेसरांवर करावा: पिना मुद्दाम वाकवाव्यात, सरळ कराव्यात, उपटून पुन्हा लावाव्यात. असे प्रोसेसर भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं घेता येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकावर सॉकेटच्या नावाची चिठ्ठी लावून डबा भरून ठेवावा, कारण पुढं कधी तुटलेल्या पिनेला जोड लागेल तेव्हा ती त्याच डब्यातून काढायची आहे.